उपासना चालविताना



दापोडीच्या आपल्या मंडळीत उपासना चालविण्याची पाळी प्रथम माझ्यावर आली, तेव्हा मी आठवडाभर तयारी केली. प्रार्थना लिहून काढली, पेटीवर गीते बसविली. पण रविवारी सूर धरला तो माझ्या गळ्याला सोयीचा, फार उंच. दुसऱ्या कडव्यापासून मी एकटीच गात होते! बाहेर पडताना एक आजी म्हणाल्या, "छान गायलीस गं, पण आम्हांला कुठं गाऊ दिलंस?"

ते बोलणे मनाला लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच ओळखले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते मंडळ्यांत पुष्कळ गायली जात. टिळकांनी अभंग व भजन उपासनेत आणले. ती चाल लोकांच्या कानांत आधीपासूनच होती. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लग्नानंतर अक्षरे गिरविलेल्या लक्ष्मीबाईंनी!

आता मी सूर खाली धरते. एक ओळ म्हणून थांबते. मंडळीने ती उचलली, की पुढे जाते. प्रार्थनेत जड शब्द घालीत नाही. कोणाचे मूल आजारी, कोणाचे कारखान्यातले काम सुटले, हे आधी विचारून घेते. अजूनही मी अडखळते. पण त्या आजी पुस्तकावाचून गातात. तरुण भगिनींनो, पुढची पाळी तुमची. भिऊ नका.