समुद्राकाठचे व्हरांडे

आमचं देहू इंद्रायणीकाठचं. पाण्याजवळ बसायचं तर घाटाची पायरी. सभासदत्व लागत नाही. त्यामुळं मुंबईच्या समुद्राकाठचे क्लब मी थोड्या परक्या नजरेनं पाहतो.

मरीन लाइन्स ते चर्नी रोड, लोकलच्या समुद्राकडच्या खिडकीतून जिमखान्यांची रांग दिसते. हिंदू, इस्लाम, पारशी. १८७५ सालच्या बॉम्बे जिमखान्यात एतद्देशीयांना सभासद होता येत नव्हतं. मग एकेका समाजानं आपापलं मैदान मिळवलं. इमारती मात्र एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा: ठेंगण्या, उतरत्या छपरांच्या, पुढं लांब व्हरांडा. या व्हरांड्यावर माझा जीव आहे. तिरपा पाऊस तिथंच अडतो, दुपारचं ऊन भिंतीला शिवत नाही, वारा आरपार जातो. समुद्राची खारी हवा फार वाईट. काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते नि गिलावा फोडून बाहेर येते. हल्लीच्या क्लबांत समोर अखंड काच असते. मग उन्हासाठी पडदा, गारव्यासाठी एसी. समुद्र दिसतो, पण त्याची गाज काही ऐकू येत नाही.

१९३७ साली समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलं. आर्ट डेको घाटाची ही वास्तू ग्रेगसन, बॅटली अँड किंग यांची. क्लबाच्या नावात जातधर्म नव्हता. तरी सामने धर्मवार संघांचेच व्हायचे, आणि पहिल्याच वर्षी प्रेक्षकांच्या जागावाटपावरून हिंदू संघानं पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतलं! नकाशावर कुणाला किती खुर्च्या, हा प्रश्न वास्तुकाराच्या हातचा नसतो. ते सामने १९४५-४६च्या हंगामानंतर बंद झाले. जिमखान्यांच्या पाट्या राहिल्या.

समुद्र मात्र कुणाचाच सभासद नाही. जिमखाने झाले तेव्हा तो अगदी समोर होता. पुढं भराव पडला, मरीन ड्राइव्ह झाला आणि पलीकडच्या कठड्यावर कुणीही येऊन बसू लागलं. आमच्या गावची मंडळीही तिथंच डबा सोडतात. ब्रीच कँडीच्या क्लबातला पोहण्याचा तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. त्या किनाऱ्यावरही भराव टाकून सागरी किनारा रस्ता झाला, २०२४ साली वाहनांसाठी खुला झाला. आता तिथं आधी गाड्या, मग पाणी.