उगवण कशाला म्हणायची?

तणनाशकाचा डबा हातात घेऊन एका शेतकऱ्याने मला विचारलं, "साहेब, हे प्री-इमर्जन्स म्हणजे इमर्जन्सी यायच्या आधी मारायचं का?" हसू आलं, पण प्रश्न वेडा नव्हता. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ वर येणे. (पाणी तापवायचा इमर्शन रॉड मात्र उलटा, तिथे इमर्शन म्हणजे बुडवणं.)

डब्यावरचा इमर्जन्स म्हणजे उगवण. पेंडीमिथॅलीन हे सोयाबीनमध्ये पेरणीनंतर, पण पीक आणि तण वर येण्याआधी, ओलीवर मारायचं. उशीर झाला तर उगवलेलं तण मरत नाही, अन् कोवळ्या पिकाला इजा होते. इमॅझेथापायर पोस्ट-इमर्जन्स, म्हणजे उगवणीनंतरचं. तण दोन-चार पानांवर असताना. प्रमाण लेबलावर पाहूनच घ्यावे.

कीटकशास्त्रात हाच शब्द किडीला लावतात. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर बसतात, ते त्यांचं इमर्जन्स. तेव्हाच फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.

खरा घोटाळा होतो बियाण्यात. सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के असते. ती प्रयोगशाळेतली, म्हणजे बी अंकुरण्याची. रोप माती फोडून वर येणं ही निराळी गोष्ट. हरभरा, तूर यांची डाळिंबी जमिनीतच राहते, नुसता कोंब वर येतो. सोयाबीन मात्र दोन्ही डाळिंब्या मानेवर घेऊन वर येतं. पेरणीनंतर जोराचा पाऊस, मग कडक ऊन पडलं की जमिनीवर पापडी धरते, आणि पोराची मान तिथेच मोडते. पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलेल्या बियाचंही तेच.

तेव्हा आठ दिवसांत ओळी दिसल्या नाहीत तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. चार-पाच ठिकाणी खुरप्याने ओळ उकरा. वाकडा, मोडका कोंब सापडला तर बी अंकुरलं होतं, वर येऊ शकलं नाही. पापडी नुकतीच धरली असेल तर हलक्या हाताने फोडली की बरीच रोपं वाचतात. बी जसंच्या तसं किंवा कुजलेलं दिसलं, आणि शेतात पाणीही साचलं नव्हतं, तर शंका खरी धरावी. पिशवी, लेबल, पावती अन् थोडं उरलेलं बी जपून ठेवा, आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, शेत मोडायच्या आधी, बरं का.