माळ्यावरचा ४८६ आणि त्यात अडकलेली मराठी

आजच्या भागात आपण बोलणार आहोत जुन्या कॉम्प्युटरबद्दल. बंद पडलेला ३८६ किंवा ४८६ परत चालू कसा करायचा आणि त्यातलं सगळं आजच्या लॅपटॉपवर कसं आणायचं, हा विषय. यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण त्यातले बरेचसे जुन्या गेम्सच्या नादाने केलेले असतात. आपल्याकडच्या मशीनमध्ये मात्र एक वेगळा ऐवज असू शकतो, तो म्हणजे युनिकोड यायच्या आधी टाइप केलेली मराठी. आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आज आपण फोनवर पटकन 'कुठे आहेस' टाइप करतो. डॉसच्या काळात ते शक्य नव्हतं, कारण कॉम्प्युटरला देवनागरी माहीतच नव्हती. त्यावर एक उपाय होता जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. हे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवलं की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही स्क्रीनवर मराठी दिसायची. पुढे विंडोज आलं, डीटीपी आलं, श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं प्रेसमध्ये रुळली. पत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीची कागदपत्रं, कुणाच्या आजोबांनी लिहिलेलं आत्मचरित्र, असं काय काय या मशीनवर टाइप झालं. त्यातलं जे छापलं गेलं ते वाचलं. जे छापलं नाही, ते कदाचित अजून त्या डिस्कवरच पडून असेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मशीन दुरुस्त करणं हे अर्धं काम. आतला मजकूर आजच्या फोनवर वाचता आला, की काम पूर्ण. हे डोक्यात ठेवलं तर आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आपोआप ठरतं.

पहिली गोष्ट: माळ्यावरून खाली काढल्या काढल्या प्लग लावू नका. बघू तरी चालू होतोय का, असं सगळ्यांनाच वाटतं. थांबा. आधी कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर, बहुतेक वेळा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळी किंवा हिरवी, पिंपासारखी छोटी बॅटरी दिसते का बघा. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. तारीख-वेळ आणि सेटिंग्ज लक्षात ठेवायला ती लावलेली असायची. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते. आतलं रसायन बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खातं. हिरवट-पांढरी पूड दिसली तर समजा, गळती झाली आहे.

बॅटरी कापून काढा. ते रसायन अल्कली असतं, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर थोडं थोडं लावून ते मारायचं. मग पाण्याचा हलका हात आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल रिपेअरवाले यालाच आयपीए म्हणतात, त्यांच्याकडे मिळतं. बोर्ड नीट वाळू द्या, पावसाळा असेल तर एक दिवस जास्तच. नवीन बॅटरी म्हणून सीआर२०३२चं नाणं चालतं, पण मध्ये एक डायोड हवाच. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा आणि हे नाणं चार्ज करायचं नसतं. सोल्डरिंग येत नसेल तर कोपऱ्यावरच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडे जा. त्यांचा हात आपल्यापेक्षा नक्की बरा असतो.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लाय. त्यातून मदरबोर्डला दोन प्लग जातात, पी८ आणि पी९. दोन्ही सारखेच दिसतात आणि उलटेही बसू शकतात. उलटे बसले तर बोर्ड जळतो. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: दोन्ही प्लगच्या काळ्या वायर मधोमध, शेजारीशेजारी आल्या पाहिजेत. बोर्डला जोडायच्या आधी मल्टिमीटरने मोजा: लाल वायरवर ५ व्होल्ट, पिवळीवर १२. काही सप्लाय लोड असल्याशिवाय चालूच होत नाहीत, अशा वेळी एखादा निकामी ड्राइव्ह जोडून बघा. सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत चार्ज राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो. व्हीजीए सॉकेट असलेला आजचा एलसीडी मॉनिटर बहुतेक वेळा थेट चालतो. कीबोर्डसाठी पीएस/२ कीबोर्डला मोठ्या गोल पिनचं अडॅप्टर लावलं की झालं.

आता समजा बीप वाजला, मेमरी मोजली गेली आणि स्क्रीनवर आलं की हार्ड डिस्क सापडत नाही. इथेच पुष्कळ मशीन भंगारात जातात. घरचे म्हणतात, डिस्क गेली. पण बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते. बॅटरी मेल्यामुळे बायॉस डिस्कचं माप विसरलेला असतो: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. हे तीन आकडे अनेकदा ड्राइव्हच्या लेबलवर छापलेले असतात. सेटअपमध्ये जाऊन ते भरायचे. डिस्क जशी पूर्वी वापरली होती त्याच मापाने वाचायला हवी, चुकीच्या मापाने वाचली तर कचराच दिसतो. आणि कितीही मोह झाला तरी एफडिस्क किंवा फॉरमॅट ही कमांड द्यायची नाही.

आता जोडणी. सरळ उपाय म्हणजे आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ड्राइव्हना तो बऱ्याचदा चालतो. विंडोजने 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर कॅन्सल दाबा. लिनक्स असेल तर डीडीरेस्क्यू वापरून आधी पूर्ण डिस्कची इमेज काढा आणि पुढचं सगळं काम त्या कॉपीवर करा.

त्याहून जुने ड्राइव्ह यूएसबी अडॅप्टरला पुष्कळदा दाद देत नाहीत. मग ड्राइव्ह आपल्या घरातच राहू द्यायचा, म्हणजे जुन्याच मशीनमध्ये, आणि माल सीरियल पोर्टमधून बाहेर काढायचा. लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अडॅप्टर, मध्ये नल मोडेम केबल, आणि दोन्हीकडे कर्मिट नावाचा प्रोग्राम. नल मोडेम केबलमध्ये पाठवण्याची आणि ऐकण्याची तार आडवी-उभी केलेली असते, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. कर्मिट प्रत्येक तुकडा तपासून घेतो, त्यामुळे मधलं अक्षर गळत नाही. जुन्या मशीनवर तो चढवायला ३.५ इंची फ्लॉपी आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लागेल.

वेग किती? ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० बाइट. ४० एमबीची पूर्ण डिस्क काढायला १२ तास लागतील. म्हणून सगळं उचलू नका. आधी मजकुराच्या फाइल्स घ्या, प्रोग्राम नंतर.

फ्लॉपींचं प्रकरण वेगळं. ५.२५ इंचीचा यूएसबी ड्राइव्ह बाजारात मिळत नाही आणि आजच्या मदरबोर्डवर फ्लॉपीचा कंट्रोलर नसतो. यासाठी ग्रीझवीझल नावाचं एक छोटं ओपन सोर्स बोर्ड आहे. एका बाजूला जुना फ्लॉपी ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ते फाइल्स वाचत नाही, तर चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. त्यामुळे अर्धवट खराब डिस्कवरूनही नंतर निवांत प्रयत्न करता येतो.

दोन सूचना. वाचण्याआधी फ्लॉपी राइट-प्रोटेक्ट करा: ५.२५ इंचीची खाच चिकटपट्टीने झाका, ३.५ इंचीचं भोक उघडं ठेवा. दोन्ही प्रकार एकमेकांच्या उलट आहेत. आणि आपल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लागते. चकतीवर पांढरे डाग दिसले तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड घाण होतो आणि तोच पुढची चांगली फ्लॉपी ओरबाडतो.

आणि आता शेवटचा टप्पा, जिथे परदेशी व्हिडिओ आपल्याला सोडून देतात. फाइल लॅपटॉपवर आली, उघडली, आणि समोर विचित्र चिन्हांची रांग! इथे पुष्कळ जण फाइल करप्ट झाली म्हणून डिलीट करतात. करू नका. ती बहुधा शुद्ध मराठी आहे, फक्त कोड वेगळा आहे.

जिस्टच्या काळातल्या फाइल्स बहुतेक इस्की या कोडमध्ये असतात. १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून ठरला. त्यात 'क' म्हणजे १७९. गंमत अशी की गुजराती, बंगाली, तेलुगू 'क'लाही तोच १७९. म्हणून रूपांतर करताना लिपी देवनागरी आहे, हे आपण सांगावं लागतं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे हे रूपांतर सोपं जातं. आयसीयू नावाच्या मोफत लायब्ररीत ते तयार आहे.

डीटीपीच्या फाइल्स जास्त त्रास देतात. त्यात अक्षर नाही, अक्षराचं चित्र साठवलेलं असतं. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क', जसं डोळ्याला दिसतं तसं. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा क्रम वेगळा. इथे फॉन्टचं नाव हीच किल्ली असते. म्हणून मशीनमधून फाइल्स काढताना फॉन्टचा फोल्डरही कॉपी करा. फॉन्ट कळला तर त्याचं कन्व्हर्टर शोधता येतं, नाहीतर चिन्ह बघून तक्ता स्वतः बनवता येतो. पायथन येणाऱ्या कुणालाही हे जमेल. मात्र वाचून तपासायला मराठी नीट येणारं माणूस शेजारी बसवा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात.

आता तुमचं काम. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरात, शाळेत, गावच्या वाचनालयात, ओळखीच्या प्रेसमध्ये एकदा विचारा: जुना कॉम्प्युटर आहे का, फ्लॉपी आहेत का, त्यावर कोण काय टाइप करायचं? ज्यांनी टाइप केलं त्यांना फोल्डरची नावं, फॉन्ट, कधीकधी पासवर्डसुद्धा आठवत असतात. फ्लॉपी अजून थोडी थांबेल, पण ती माणसं आता वयस्कर झाली आहेत. त्यांच्याशी या रविवारीच बोला. आणि काही सापडलं तर कमेंटमध्ये जरूर कळवा, फॉन्ट ओळखायला आपण सगळे मिळून मदत करू. भेटू पुढच्या भागात!