बालपोषण आणि आतड्याचा दाह

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. भट्टीत किती घातले आणि लोखंड किती निघाले, हा हिशेब या शहराला नवा नाही. बालपोषणाचा हिशेब मात्र अद्याप ताटापाशीच थांबतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमधील पाच वर्षांखालील ३४.६ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती.

अस्वच्छ परिसरातील जंतू वारंवार पोटात गेले की आतड्याला चिवट सूज येते. जुलाब नसतानाही अन्नरस पुरेसा शोषला जात नाही. ही सूज डोळ्यांना दिसत नाही, पण विष्ठेतील काही द्रव्ये तिची साक्ष देतात. वेल्लोरसह आठ देशांतील केंद्रांवर झालेल्या ‘माल-ईडी’ अभ्यासात मायलोपेरॉक्सिडेज, निओप्टेरिन व अल्फा-१-अँटिट्रिप्सिन ही तीन द्रव्ये मोजली गेली. त्यांचा एकत्रित गुणांक सर्वाधिक असलेली बालके पुढील सहा महिन्यांत, सर्वांत कमी गुणांकाच्या बालकांपेक्षा, सुमारे एक सेंटिमीटर कमी वाढली. कॅलप्रोटेक्टिन हे चौथे द्रव्य अधिक परिचित. परंतु निरोगी तान्ह्या मुलांतही ते जास्त असते, म्हणून प्रौढांची मर्यादा त्यांना लावता येत नाही.

मग शौचालये बांधली की उंची वाढेल? बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील चाचण्यांचे २०१८-१९ मधील निष्कर्ष तसे सांगत नाहीत. घरगुती स्वच्छतेच्या साध्या सोयींनी उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने थोडा पडला. राहिले नळाचे शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटारे. त्यांचा खर्च मोठा आहे, आणि पोषणाच्या लेखाशीर्षात तो कोठेच धरला जात नाही.