शनिवार-रविवारची शाळा



आज पाटी-पेन्सिल थोडी बाजूला ठेवा. आज आम्ही तुम्हांला एक हकिकत सांगणार आहोत. ती आपल्याच करवीर तालुक्यातल्या एका मुलीची आहे. पहिली ते सातवी ती आमच्या शाळेत शिकली. पुढे कोल्हापुरात शिकून इंजिनिअर झाली आणि २०२४ सालच्या सप्टेंबरात जर्मनीला गेली, अधिक शिकायला. तिचं नाव सांगत नाही. तिची आई याच वर्गात येते. आईला विचारूनच आम्ही हे सांगतो आहोत. या हकिकतीत चूक कोणाची झाली, तेही शेवटी सांगू.

तर त्या घरची शेती दीड एकर. दावणीला दोन म्हशी. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवायची फी घेत नाहीत. हे ऐकून वाटतं, मग खर्च कसला? पण राहायला लागतं, खायला लागतं. तिथलं सरकार म्हणतं, एका वर्षाचा खर्च आधी बँकेत भरून दाखवा. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम त्यांनी ११,९०४ युरो केली. त्या वेळच्या भावानं जवळजवळ अकरा लाख रुपये झाले. हे पैसे मुलाच्या हातात एकदम देत नाहीत. दरमहा ९९२ युरो मिळतात. तेवढ्यात भागवायचं.

बँकेचं कर्ज काढलं. जामीन म्हणून आम्ही सही केली. उरलेल्या पैशासाठी आईच्या पाटल्या गेल्या. पोरगी विमानात बसली.

चार-पाच महिने गेले. फेब्रुवारीत एका सोमवारी संध्याकाळी आई आमच्या दारात आली. धार काढून तशीच आली होती. हातात मोबाईल.

"गुरुजी, ह्ये बघा," ती म्हणाली. "पोरीला शिकाया धाडलंय का हिंडाया? दर शनवार-आइतवारी कुठंतरी असतीया. आज ह्या गावात, उद्या त्या गावात. गल्लीतल्या बायका इचारत्यात, काय वं, लेक फिराया गेलीया व्हय? म्या काय सांगू?"

आम्ही फोटो पाहिला. एक दगडी छत्री, तिच्याखाली कोणाचा तरी पुतळा आणि पुतळ्यापुढे आपली मुलगी हसत उभी. आम्ही फोटो नीट पाहिलासुद्धा नाही. आमच्या डोळ्यांसमोर जामिनाचा कागद आला. आम्ही रागावलो.

त्याच रात्री आम्ही तिला लांबलचक निरोप पाठवला. लिहिलं, "बाळ, १९२० साली आपल्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराज आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तिथे एकत्र आले. त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. महाराजांनी त्यांना मदत केली. बाबासाहेबांनी तिथे काय केलं? वाचनालयात बसून अभ्यास केला. पोटाला चिमटा घेतला. १९२३ साली मोठी पदवी मिळवली. आणि तू काय करतेस? हिंडतेस!"

चार दिवस उत्तर नाही. मग दोन ओळी आल्या, "गुरुजी, सगळं पत्रात लिहिते. आईला वाचून दाखवा."

मार्चमध्ये पत्र आलं. टपालानं आलं. आत सहा पानं. आई आमच्या ओसरीवर बसली आणि आम्ही वाचू लागलो.

पहिल्या पानावर हिशोब होता. आम्हीच तिला शाळेत जमाखर्च शिकवला होता, तसाच मांडलेला. बँकेतून मिळणाऱ्या पैशातला एकही पैसा प्रवासाला गेलेला नव्हता. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० दिवस काम करायची तिथे मुभा आहे. ही मुलगी एका खाणावळीत आठवड्यातून दोन संध्याकाळी भांडी घासत होती. त्या मजुरीतून ती प्रवास करीत होती.

आणि तो प्रवास तरी किती महाग? जर्मनीत २०२३ च्या मे महिन्यात एक मासिक तिकीट निघालं. सुरुवातीला ते ४९ युरोला होतं. २०२५ साली ५८ युरो झालं. विद्यापीठाच्या मुलांना सवलत मिळते. या एका तिकिटावर देशभर साध्या रेल्वेनं आणि गावातल्या बसनं महिनाभर कुठेही जाता येतं. जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही. ही मुलगी सोबत चपाती आणि ठेचा बांधून घ्यायची आणि सावकाश जाणाऱ्या गाडीत बसायची.

बाबासाहेबांचं तिनं काय लिहिलं? "गुरुजी, त्यांची बरोबरी मी कशी करू? पण ते ज्या वाचनालयात बसत, ते एका मोठ्या संग्रहालयातलंच होतं. मीही रविवारी संग्रहालयांत जाते. इथे म्युनिकमध्ये सरकारी चित्रसंग्रहालयांचं तिकीट रविवारी फक्त एक युरो असतं. सोमवार ते शुक्रवार मी पुस्तकं वाचते. शनिवार-रविवार माणसं वाचते. ही पण शाळाच आहे."

पुढे त्या शाळेतले धडे होते. त्यांतले काही तुम्हांला सांगतो.

एक धडा रेल्वेचा. तिथे बऱ्याच ठिकाणी स्टेशनात शिरताना कोणी तिकीट विचारत नाही. फाटक नाही, शिपाई नाही. सरळ जा आणि गाडीत बसा. पण मध्येच तपासनीस येतो. तिकीट नसेल तर ६० युरो दंड. म्हणजे पाच हजारांवर रुपये! आधी विश्वास ठेवायचा आणि विश्वास मोडला तर सोडायचं नाही, अशी ती रीत.

एक धडा रिकाम्या बाटलीचा. तिथे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट अनामत भरावी लागते. चार बाटल्यांचा एक युरो. रिकामी बाटली दुकानात परत केली की पैसे परत. त्यामुळे बाटल्या रस्त्यावर पडून राहत नाहीत. पण तिनं पुढे लिहिलं होतं, "म्हातारी माणसं कचऱ्याच्या डब्यांत हात घालून बाटल्या शोधताना मी पाहिली. या देशात गरीब नाहीत असं आईला सांगू नका. गरिबी इथेही आहे. फक्त ती हळू बोलते."

एक धडा फार मोठा. म्युनिकजवळ डाखाऊ नावाचं गाव आहे. तिथे १९३३ साली हिटलरच्या राजवटीनं छळछावणी उघडली. ती १९४५ पर्यंत चालली. हजारो माणसं तिथे मारली गेली. ती जागा जर्मन लोकांनी पुसून टाकली नाही. जतन केली आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. ही मुलगी गेली तेव्हा तिथे शाळेची मुलं आली होती. मास्तर त्यांना सगळं दाखवीत होते. तिनं लिहिलं, "गुरुजी, आपल्या वाडवडिलांनी केलेलं पाप ते आपल्याच मुलांना दाखवतात. मुलं गप्प उभी होती. माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही."

हे वाचून आम्हांला आपलं वळिवडे आठवलं. त्याच महायुद्धात पोलंड देशातली माणसं देशोधडीला लागली. बायका, मुलं, म्हातारी माणसं. त्यांतली सुमारे पाच हजार माणसं १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. पंचगंगेच्या काठानं त्यांना थारा दिला. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. पोलंडच्या लोकांनी ही आठवण ठेवली आहे. त्यांच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली. आपली मुलगीही पुढे ईस्टरच्या सुटीत तिथे जाऊन आली.

आता त्या फोटोची गोष्ट.

फोटो इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहरातला होता. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ती तिथे गेली होती. तिथे सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. रात्रभर बसमध्ये बसून ती पहाटे उतरली. पण संग्रहालयापुढे रांग लागलेली असताना ती आधी गेली नदीकाठच्या बागेत. बागेचं नाव काशीने. तिथे आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो. त्या संगमावर ती छत्री आहे. आणि छत्रीखाली पुतळा कोणाचा? आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा!

होय, मंडळी. ज्यांच्या नावाचं राजाराम कॉलेज आहे, तेच हे महाराज. १८६६ साली ते गादीवर आले. १८७० साली युरोप पाहायला निघाले. विलायतेत महिनोन् महिने राहिले. राणीला भेटले. संस्था पाहिल्या. रोज काय पाहिलं ते इंग्रजीत लिहून ठेवलं. ती रोजनिशी १८७२ साली छापली गेली. परत येताना वाटेत, थंडीच्या दिवसांत, ते आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं देहावसान झालं. वय अवघं वीस.

त्या शहरात प्रेत दहन करायची रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. मग संगमावर, आपल्या धर्माप्रमाणे, त्यांना अग्नी दिला. १८७४ साली तिथे स्मारक झालं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवला. छत्रीचा नकाशा मँट साहेबांनी काढला. आपल्या नव्या राजवाड्याचा नकाशाही त्यांचाच. पुढे जवळच नदीवर मोठा पूल झाला. त्या पुलाला तिथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात.

मुलीनं लिहिलं होतं, "आई, त्यांच्या बागेत लोक पळत होते, कुत्री फिरवत होते. मी एकटीच तिथे थांबले होते. ते वीस वर्षांचे होते. मी बावीसची. ते शिकायला, पाहायला निघाले आणि त्यांना परत पंचगंगा दिसली नाही. मी येणार आहे. म्हणून हसून फोटो काढला. तू काळजी करू नकोस."

आम्ही वाचन थांबवलं. आई पदरानं डोळे पुसत होती. आम्हीही चष्मा काढला. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि आपल्याच राजाचा पुतळा ओळखला नाही. न पाहताच पोरीला बोल लावले. ही आमची पहिली चूक.

आता दुसरी चूक ऐका.

आईनं पत्र मागून घेतलं. घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. जाताना म्हणाली, "गुरुजी, कागद माझ्या लेकीचा. अन् त्यो मला दुसऱ्याच्या तोंडनं ऐकाया लागतोय."

एप्रिलमध्ये ती या वर्गात आली. दिवसभर रान, संध्याकाळी धार आणि रात्री आठ वाजता 'क, का, कि, की'. बोटं पेन्सिल धरायला तयार नव्हती. तुम्हां सगळ्यांना हे माहीत आहे. एक दिवस तिनं चुकवला नाही.

दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, ती पुन्हा आमच्या ओसरीवर आली. हातात तेच पत्र. घड्यांवर फाटत आलेलं. तिसऱ्या पानावर एका जागी तिनं बोट ठेवलं.

"गुरुजी, ह्ये तुम्ही वाचलंच न्हाई."

आम्ही मान खाली घातली. तिथे मुलीनं लिहिलं होतं: "आई, डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद. आवाजसुद्धा करायचा नाही. माझ्या मजल्यावर कोणी नसायचं. दोन महिने मी शनिवार-रविवार खोलीतच बसून होते. शुक्रवारी संध्याकाळी बोललेला शब्द, तो पुढचा सोमवारी. रोज रडायचे. परत यावं वाटत होतं. तुझ्या पाटल्या आठवायच्या आणि गप्प बसायचे. मग वर्गातली एक मुलगी मला ओढून गाडीत घेऊन गेली. त्या दिवशी मी पोटभर जेवले. आई, मी हौस म्हणून बाहेर पडले नाही. खोलीत बसून मेले असते म्हणून पडले."

हे आम्ही गाळलं होतं. आईला त्रास नको, असं तेव्हा वाटलं. पण लेकीचं दुःख आईपासून लपवायचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? आठ महिने त्या माउलीला वाटत राहिलं की लेक मजेत आहे.

आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू द्या गुरुजी. तुम्ही बऱ्यासाठीच केलं. पर आता म्या वाचतीया."

मग तिनं स्वतःच्या हातानं लेकीला पत्र लिहिलं. पहिलंच. चार ओळी. काना-मात्रा आम्ही सुधारू म्हटलं, तर तिनं सुधारू दिलं नाही. त्या चार ओळी तिच्या परवानगीनं सांगतो: "रडू आलं तर मला सांग. लपवू नको. शनवारी फिराया जा. पोचलीस की कळव."

मंडळी, युरोप लांब आहे. आपल्यातले किती जण तिथे जातील, कोण जाणे. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणारा माणूस अर्धंच वाचतो, हे इथे ओसरीवर बसूनही कळतं. वाचून दाखवणारा वाईटच असेल असं नाही. आमच्यासारखा मायेनंही गाळतो. पण गाळलेलं ते गाळलेलंच.

म्हणून उद्याचा अभ्यास असा. प्रत्येकानं घरातला एक कागद आणायचा. आजवर दुसऱ्यानं वाचून दाखवलेला. सातबारा असेल, कर्जाचा कागद असेल, मुलाचं पत्र असेल. तो आपण स्वतः वाचायचा. बोट ठेवून, सावकाश, एकही ओळ न गाळता.

या तर मग. उद्या रात्री आठ वाजता.