घरच्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरपर्यंत



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळी चहाकडे वळतील याची आम्हास कल्पना आहे. त्यांनी थोडे थांबावे. त्यांच्याच घरातील मुलेमुली रात्री जेवणे आटोपल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत संगणक उघडून शेकडो मैलांवरच्या सर्व्हरवर काम करीत असतात. तेथे त्यांचा प्रकल्प असतो. नोकरी लागली असेल तर दुसऱ्याची माहिती त्यांच्या हवाली असते. ती गेली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो.

पूर्वी हे काम टेलनेटने होई. त्यात नाव आणि पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुरासारखे उघडे जात. वाटेत टपून बसलेल्याने खुशाल वाचावेत. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. तेव्हा तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे 'सिक्युअर शेल', हा प्रोग्राम लिहिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांना मोफत दिला. एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ त्यांनी मागितला आणि दुसऱ्याच दिवशी मिळाला. (आपल्याकडे जातीच्या दाखल्याला किती खेटे घालावे लागतात, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.) १९९९ मध्ये ओपनएसएसएच आले. लिनक्सवर बहुधा तेच असते आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही ते मिळू लागले. म्हणजे खर्च काहीच नाही.

आज्ञा सोपी आहे: एसएसएच, मग आपले नाव, ॲटचे चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता. पण पहिल्यांदा जोडताना संगणक एक प्रश्न विचारतो. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ, दाखवून तो म्हणतो, हा सर्व्हर माझ्या ओळखीचा नाही, पुढे जाऊ का? आपली मुले न वाचता 'येस' टाइप करतात. आम्हीही कित्येक वर्षे तेच केले. वास्तविक सगळी मेख येथेच आहे. मजकूर कितीही गुप्त लिपीत गेला तरी पलीकडे भलताच बसला असेल तर ती लिपी त्याच्याचसाठी आहे. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून तो ठसा आधी मागून घ्यावा आणि ताडून पाहावा. एकदा होकार दिला की संगणक तो लक्षात ठेवतो. पुढे कधी ठसा बदलल्याची मोठ्या अक्षरांत सूचना आली तर घाबरू नये, पण जुनी नोंद पुसून पुढेही जाऊ नये. सर्व्हर नव्याने बसवला असेल, किंवा वाटेत कोणी शिरले असेल. फोन करून विचारावे.

पासवर्डापेक्षा किल्ल्यांची जोडी बरी. एसएसएच-कीजेन या आज्ञेने आपल्याच संगणकावर दोन किल्ल्या तयार होतात. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. खाजगी घरीच राहते आणि फक्त सही करते. सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतो. खाजगी किल्ली वाटेवर जातच नाही, तर चोरणार काय?

आमच्या ओळखीच्या एका हुशार मुलीने मात्र कामाच्या पहिल्याच दिवशी खाजगी किल्लीची फाइल वरिष्ठांना ईमेलने पाठवली. दोन्ही फायलींचे नाव एकच, एकीच्या शेवटी फक्त 'डॉट पब' असते. 'डॉट पब'वाली पाठवायची होती. वरिष्ठ भले होते. ती जोडी टाकून दे, नवी बनव, एवढेच म्हणाले. तिला रात्रभर झोप लागली नाही. चूक तिची थोडी आणि हे कोणी आधी न सांगणाऱ्या आम्हा सर्वांची जास्त, असे आमचे मत आहे.

खाजगी किल्लीला पासफ्रेज, म्हणजे लांब गुप्त वाक्य, अवश्य घालावे. घरात एकच संगणक भावंडांत वाटलेला असेल तर प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. लिनक्सवर ती फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. आणि सायबर कॅफेत ती कधीही नेऊ नये. एसएसएच वाट सांभाळते. ज्या संगणकावर आपण बसलो आहोत तोच बिघडवलेला असेल तर तिचा इलाज नाही.

भाषणानंतर शेजारच्या खोलीत आम्ही प्रत्यक्ष करून दाखवणार आहोत. ज्यांचा लॅपटॉप असेल त्यांनी तो घेऊन यावे. किल्ली ज्याची त्याच्याच यंत्रावर बनवू. पेनड्राइव्ह आणण्याचे कारण नाही.