मानेवरचा तो काळा पट्टा

मुलीच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसला की आई आधी डाळीचं पीठ लावून घासते. तो जात नाही, कारण तो मळ नसतोच. बऱ्याचदा ती रक्तात वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. सोबत पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमची) शंका घ्यावी.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी ७ रुग्णांवरून हा विकार मांडला. ‘पॉलिसिस्टिक’ म्हणजे अनेक गाठी असलेलं, पण हे नाव फसवं पडलं. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका आहेत त्या.

आता या विकारातल्या दाहाबद्दल. ताप नाही, दुखणं नाही, पण अनेकींच्या रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन थोडं वाढलेलं सापडतं. पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही, दाह वाढवणारी रसायनं सोडते. मग पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं आणि ते अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. सडपातळ मुलींनाही हे होतं, तेव्हा ‘आधी बारीक हो’ हे सगळ्यांना सांगू नये. वजन जास्त असेल तर मात्र ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या.